सबब सांगा, पण बेतानं

गोल्फच्या पहिल्याच फेरीत सहा चेंडू पाण्यात गेले म्हणून खचू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण गोल्फवाल्यांसाठीच असावी! सुरुवातीला सबब सांगताना एवढंच सांभाळ:

- वाऱ्याला दोष देण्याआधी झाडाची पानं हलताहेत का ते बघ. नवखे इथेच पकडले जातात.
- सोबतच्या खेळाडूवर कधीच ढकलू नकोस. 'तू खोकलास' म्हणालास की पुढच्या वेळी एकटाच खेळशील. पक्षी, पाठदुखी, नवे बूट चालतील. बिचारे उलट बोलत नाहीत.
- क्लबला, म्हणजे चेंडू मारायच्या काठीलाही, दोष देऊ नकोस. पिशवीत 14 नेता येतात, सगळेच कसे बिघडतील?
- हरवलेला चेंडू शोधायला नियमानं 3 मिनिटंच मिळतात (2019 पूर्वी 5 होती). तेवढ्यात सबबही शोधून ठेव.

एका फेरीला एक सबब पुरे. मी एकदा नवव्या होलपर्यंत सगळा साठा संपवला, उरलेले नऊ होल गुमान खेळलो.

खरं कारण बहुधा एकच असतं: फटका बसण्याआधीच मान वर जाते. शिवाय क्लब गळा आवळल्यासारखा धरतोस, तो सैल धर. स्विंगचं, म्हणजे क्लब फिरवण्याचं, बाकी पुराण नंतर.