छोट्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घरच्या घरी बसवता येतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आठशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी आहे, बॉडी चांगली आहे. तेराशे सीसीचं, इंजेक्शनवालं, साधारण 85 हॉर्सपॉवरचं इंजिन मिळतंय. घरचं गॅरेज, पान्यांचा सेट आणि सुट्टीचे दिवस एवढ्यावर ते बसेल का?

बसेल. मी जवळपास अशाच जोडीवर हे काम केलंय. इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर बसायला मला तीन शनिवार-रविवार लागले. त्यानंतर गाडी रस्त्यावर यायला नऊ महिने. म्हणून उत्तरही त्याच हिशोबाने देतो, इंजिनाबद्दल थोडं आणि बाकीच्याबद्दल भरपूर.

आधी एक रुक्ष काम उरकून घ्या. गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर आणि सीसी असतात. तुमच्याकडच्या वाहन नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत जाऊन, इंजिन बदलून चालतं का, चालत असेल तर कोणती तपासणी लागते, हे पान्याला हात लावायच्या आधी लेखी विचारा. नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. नाही म्हणाले तर इथेच थांबा, पुढचं वाचायचे कष्टही वाचतील.

नुसतं इंजिन घेऊ नका. जमलं तर अख्खी गाडी घ्या, चालू स्थितीतली, भले मागून ठोकलेली असेल. मी ही चूक केली. इंजिन आणि गिअरबॉक्स स्वस्तात मिळाले म्हणून उचलून आणले, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नंतर दुसरीकडून मिळवला. सगळं जोडलं, सेल्फ मारला, इंजिन झटक्यात चालू झालं आणि दोन सेकंदांत बंद. परत मारला, परत तेच. पेट्रोल बघितलं, प्लग काढून बघितले, सेन्सर बदलले. चौथ्या रविवारी उजेड पडला की ईसीयू किल्ली शोधतोय. किल्लीतली चिप, कुलपाभोवतीची कडी, इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डबा आणि ईसीयू यांची आपापसात ओळख झालेली असते. एक जरी दुसऱ्या गाडीचा असला तर बाकीचे त्याला दारात उभं करत नाहीत. अख्खी गाडी घेतली की हा संच आपोआप येतो. शिवाय वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल, इंजिन फाउंडेशनचे रबर, रेडिएटरचे पाइप, सायलेन्सरचा पुढचा तुकडा, एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतची सळई) असं सगळं हाताशी राहतं. उरलेलं विकता येतं.

गिअरबॉक्सही त्याच गाडीचा ठेवा. जुना गिअरबॉक्स वाचवायचा मोह होतो, कारण त्याचे एक्सल, गिअरची दांडी आणि स्पीडोमीटरची केबल आधीच जुळलेली असतात. पण मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट करावी लागते. क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य यांच्यातला फरक डायल गेजवर मोजून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावा लागतो. तेवढं जमलं नाही तर क्लचप्लेट आणि पुढचं बेअरिंग थोड्याच दिवसांत जातात. दुसरं म्हणजे जुना गिअरबॉक्स मुळात एवढ्या जोरासाठी केलेलाच नसतो. साधा गुणाकार करून बघा. जुन्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 60 न्यूटन-मीटर धरा, पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.5 आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या दात्यांचं) 4.3. चाकांकडे जातात जवळपास 900. नव्या इंजिनाचे 110 धरले तर साडेसोळाशे. दोन एक्सलमध्ये वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठशेच्या वर, म्हणजे दोन्ही जुने एक्सल मिळून जेवढं ओढत होते जवळपास तेवढं आता एकट्याने ओढायचं.

मग एक्सलचं काय? आतलं टोक नव्या गिअरबॉक्सला बसणारं हवं, बाहेरचं टोक तुमच्या हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला). लांबी या दोन्ही गाड्यांपैकी कुठलीच चालत नाही. इथे कोणीतरी हमखास सांगतं की मधून कापून वेल्डिंग मारू. मारू नका. एक्सलची सळई वरून कडक केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा उतरतो आणि जोडाच्या शेजारीच ठिसूळ पट्टा तयार होतो. एक्सल तुटतो तो तिथेच, आणि तोही नेमका जोर लावल्यावर, म्हणजे ओव्हरटेक करताना. चांगल्या टर्नरकडून योग्य पोलादाची अखंड सळई घेऊन, दोन्ही टोकांना दाते पाडून, पुन्हा कडक करून घ्या. माप घेताना गाडी जॅकवर लटकलेली असताना एकदा आणि स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर ढकललेलं असताना एकदा, दोन्ही घ्या. एक्सल लांब झाला तर चाक वर जाताना तो गिअरबॉक्सला आतून ठोसे मारतो, आखूड झाला तर खड्ड्यात चाक खाली लटकलं की आतला सांधा निसटतो. मला हे दोनदा करावं लागलं. पहिलं माप मी गाडी जमिनीवर सपाट उभी असताना घेतलं होतं.

इंजिन बसवताना फाउंडेशनचे ब्रॅकेट आधी फक्त वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांवर धरा. पूर्ण वेल्डिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही इंजिन बाहेर काढून. बोनेट लागेल की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. मुलीच्या खेळण्यातला मऊ क्ले घेतला, इंजिनच्या वरच्या भागावर पाच-सहा ठिकाणी लिंबाएवढे गोळे लावले, बोनेट हळूच बंद करून उघडलं. चार गोळे अंगठ्याएवढे जाड राहिले होते, थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचा) मात्र चिरडून पापुद्रा झाला होता. मोजलं तर चार मिलिमीटर. इंजिन उभं असतानाचे चार. रबरावर बसलेलं इंजिन पहिल्या गिअरला सोडताना चांगलं उचल खातं, त्यामुळे 15 ते 20 मिलिमीटर मोकळी जागा लागते. खाली करावं तर ऑइलचा चेंबर क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबतो आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरवर फुटतो. शेवटी इंजिन दोन अंश मागे कलवलं आणि बोनेटच्या आतली पट्टी कापून पुन्हा मजबूत केली. या एका गोळ्याने तीन आठवडे खाल्ले.

आणि हो, चेन-पुली छताच्या कैचीला टांगू नका. इंजिन-गिअरबॉक्स मिळून शंभर किलोच्या वर सहज जातं. इंजिन क्रेन भाड्याने आणा. गाडीखाली शिरायचं तर स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

आता ब्रेक. तुमच्या प्रश्नात हा शब्दच नाही, म्हणून जरा जास्त लिहितो. मूळ मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी 1959 साली आली तेव्हा 848 सीसी, 34 हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना ड्रम होते. 1961 साली मिनी कूपर काढताना कंपनीने 997 सीसीचं इंजिन टाकून ताकद 55 वर नेली आणि त्याच वेळी पुढे डिस्क ब्रेक दिले. 21 हॉर्सपॉवर वाढली म्हणून. तुम्ही पन्नासच्या आसपास वाढवताय. गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते. 80 ऐवजी 110 वरून थांबायचं तर जवळपास दुप्पट. छोटे ड्रम एकदा मारतात, दुसऱ्यांदा मारतात, तिसऱ्यांदा पेडल कडक असूनही गाडी पुढेच जात राहते.

माझा सल्ला, ब्रेकचं काम सगळ्यात आधी करा, जुनं इंजिन जागेवर असतानाच. दुसऱ्या गाडीच्या पुढच्या डिस्क-कॅलिपर बसतात का बघा. 12 इंची रिममध्ये त्या मावत नाहीत, म्हणजे 13 किंवा 14 ची रिम आली. कॅलिपरचा पिस्टन मोठा असेल तर मास्टर सिलिंडरही मोठा लागतो, नाहीतर पेडल अर्ध्याच्या खाली जातं. मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत, झाले तर गाडी गरकन फिरते. हे रिकाम्या मैदानात हळू वेगापासून तपासा. मग महिनाभर जुन्या इंजिनावर तशीच चालवा. काही खोट निघाली तर ती ब्रेकचीच आहे हे निदान नक्की असेल. पुढे पाच गोष्टी एकदम बदलल्यावर कुठली कुरकुरतेय ते सांगता येत नाही.

पेट्रोलची लाइन पूर्ण नवी टाका. कार्ब्युरेटरचा पंप फार तर 0.3 बार दाब देतो, इंजेक्शनला साधारण 3 बार लागतो. जुना रबरी पाइप दहापट दाबाखाली कुठे फुटेल सांगता येत नाही, आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो. जुन्या टाकीत आडवे पडदे नसतील तर पाव टाकी असताना वळणावर पंप हवा ओढतो, त्यासाठी मध्ये एक छोटी उभी टाकी बसवतात. कामाच्या दिवसांत अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा. रेडिएटर मोठ्या इंजिनाचाच घ्या, आणि तो गाडीत हीटरपेक्षा खाली बसला तर कूलंट भरताना हवा अडकते. गाडीचं नाक वर उचलून भरा.

वायरिंगला मला चार महिने लागले, त्यातले दोन निव्वळ आळसाने. प्रत्येक प्लग काढायच्या आधी चिकटपट्टीवर नाव लिहून लावा आणि फोटो काढा. "हे तर लक्षात राहीलच" असं वाटणारा प्लगच पुढे रात्रभर हातात घेऊन बसावं लागतं. पण खरा किस्सा अर्थिंगचा आहे. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला आली, बॉडीपासून इंजिनला एक जाड पट्टी जाते. इंजिन रबरावर बसतं, रबरातून वीज जात नाही, म्हणून ती पट्टी. मी ती विसरलो. सेल्फ मारला तर स्टार्टर कण्हल्यासारखा फिरला. बॅटरी उतरली असेल म्हणून दुसरी लावली. पुन्हा मारला. प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं आवरण माझ्या डोळ्यांदेखत सुरकुतलं. स्टार्टर शंभरावर अँपिअर ओढतो. त्याला बॉडीकडे परत जायला इंजिनाला जोडलेली एकच धातूची वाट सापडली होती, ती म्हणजे ती बारीक केबल. हात लावला तर चटका. नंतर आतली तार काढून बघितली, दोन ठिकाणी आवरणाला चिकटली होती. त्या दिवशी इंजिन चालू झालं असतं आणि केबल उघड्या अवस्थेत अडकली असती तर, असो. आता कुठल्याही गाडीत सेल्फ जड फिरला की मी आधी ती पट्टी बघतो.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी पुढे त्रास देतात, त्यातली एक स्पीडोमीटर. नवा गिअरबॉक्स 175/65 आर 14 च्या टायरसाठी केलेला असेल आणि तुम्ही लहान घेराचे 145/80 आर 12 ठेवलेत, तर त्याच्या हिशोबाचे 100 म्हणजे तुमचे खरे 92. पुढचं वजनही वाढतं. बीडाचा ब्लॉक असेल तर बरंच. जुने स्प्रिंग दबतात, हेडलाइट खाली बघतात, स्टीअरिंग जड होतं. नवे स्प्रिंग, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि नंतर व्हील अलाइनमेंट हे खर्चात आधीच धरा.

एक पर्याय सुचवतो, तुमचा उत्साह मोडायचा हेतू नाही. तुमच्याच गाडीच्या कुळातलं मोठं इंजिन निघतं का ते शोधा. जुन्या फियाट 500 वाल्यांचं याबाबत नशीब चांगलं. तिचं मूळ इंजिन 479 सीसीचं, आणि नंतरच्या फियाट 126 चं 594 किंवा 652 सीसीचं इंजिन थोड्या फेरफारात तिच्यात बसतं, कारण दोन्ही हवेने थंड होणारी, दोन सिलिंडरची, मागच्या बाजूची. उलट टोक मिनीचं. तिच्यात होंडाचं 1.6 लिटरचं व्हीटेक इंजिन टाकणारे पुष्कळ आहेत. पण मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या चेंबरमध्येच असतो, दोघांना ऑइलही एकच. त्यामुळे जुनं काहीच वाचवता येत नाही, पुढची सबफ्रेमच (इंजिन धरणारी चौकटच) बदलावी लागते. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये सुबारूचं इंजिन टाकतात तेव्हा अ‍ॅडॅप्टर प्लेट तयार मिळते, पण मुळात हवेने थंड होणाऱ्या गाडीत रेडिएटर कुठे ठेवायचा आणि पाइप कुठून न्यायचे हे नव्याने शोधावं लागतं. तुमची जोडी या दोन टोकांच्या मधली आहे, पण फियाटपेक्षा मिनीकडे जास्त झुकलेली.

पुढे जायचं ठरवलंत तर तीन मापं घेऊन इथेच खाली लिहा: दोन्ही बाजूंच्या चेसिस रेल्समधलं आतलं अंतर, नव्या इंजिनाची क्रँक पुलीपासून गिअरबॉक्सच्या टोकापर्यंतची लांबी, आणि बोनेट बंद असताना क्रॉस मेंबरपासून बोनेटच्या आतल्या पट्टीपर्यंतची उंची. पहिलं दुसऱ्यापेक्षा चारेक सेंटिमीटरने तरी जास्त निघालं तर पुढचं बोलू. कमी निघालं तर ते इंजिन घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.