स्वरयंत्र काढल्यावर वास जातो, त्यावर नाकातला स्प्रे काय करणार?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडिलांचं स्वरयंत्र पूर्ण काढून तीन महिने झाले, मिरजेहून विट्याला घरी आणलंय, वास अजिबात येत नाही, भरीत ‘ओल्या पुठ्ठ्यासारखं’ लागतं आणि नाकात स्प्रे चालू आहे. हा स्प्रेच वाचून थांबलो. आमचे सात महिने असल्याच स्प्रेत आणि निलगिरीच्या वाफाऱ्यात गेले. ज्या ओपीडीत विचारायचो तिथलं उत्तर ठरलेलं: जीव वाचला ना, मग वासाचं काय घेऊन बसलात?

अहो, नाक बिघडलेलंच नसतं! श्वास गळ्यावरच्या स्टोमातून, म्हणजे ऑपरेशनमध्ये श्वासासाठी केलेल्या छिद्रातून, सरळ श्वासनलिकेत जातो. नाकातून हवाच फिरत नाही, तर वास वर पोचणार कसा? म्हणून जोरजोरात हुंगूनही काही होत नाही, छाती हवा ओढते ती गळ्यातून. (सर्दी किंवा पॉलिप म्हणजे नाकातली मांसवाढ असेल तर स्प्रेला अर्थ आहे. मी डॉक्टर नाही, विचारूनच बंद करा. आणि हे फक्त पूर्ण स्वरयंत्र काढलेल्यांसाठी. टॉन्सिल, थायरॉइडच्या ऑपरेशनचं गणित वेगळं.)

यावर व्यायाम आहे, मिटल्या ओठांची जांभई. ॲम्स्टरडॅमच्या कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी तो २००० साली मांडला. ओठ घट्ट, दात सुटे. चारचौघांत जांभई दाबतो तसा खालचा जबडा, जीभ आणि जिभेखालचा भाग एकदम खाली न्यायचा. तोंडातली पोकळी वाढते आणि ती भरायला हवा नाकातून आत येते. लगेच वर, पुन्हा खाली, चटचट. फसतं ते बहुतेक ओठांच्या कोपऱ्यात: बारीकशी फट राहिली की हवा तिथूनच शिरते. काहींची जीभ टाळूला चिकटून राहते. श्वास रोखायची गरज नाही, स्टोमाचं काम चालू राहू द्या.

जमतंय का हे स्पीच थेरपिस्ट वाकड्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी घालून दाखवतात. एक टोक नाकपुडीला, दुसरी नाकपुडी बंद. जबडा खाली गेला की पाणी नाकाकडे सरकायला हवं. बोलणं शिकवून घ्यायला त्यांच्याकडे जाताच आहात, तर हेही मागून घ्या, आपणहून फारसं कुणी सांगत नाही.

घरी परीक्षा कापूर, निलगिरी, व्हिक्सवर घेऊ नका. त्यांची झणझण वेगळ्या मज्जातंतूची, उगीच वास आल्यासारखं वाटतं. कॉफी, संत्र्याची साल, मोगरा घ्या. डोळे मिटवून, डबी दुसऱ्याने धरायची. पूड उघड्या स्टोमाजवळ नको. कांदा-लसूण मसाल्याच्या फोडणीपासूनही लांब बसवा, वास येत नसला तरी ठसका थेट छातीत जातो.

चवीचं म्हणाल तर गोड, आंबट, खारट, कडू जीभ ओळखते, गेलेला असतो तो स्वाद, म्हणजे वासामुळे कळणारा भाग. त्यामुळे माणूस मीठ वाढवत जातो. बीपी असेल तर मिठाचा डबा तुमच्या हातात ठेवा. साखरही गोड लागत नसेल तर मात्र कारण दुसरं: रेडिएशन, कोरडं तोंड, कधी थायरॉइड. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

आणि वडील दुपारी घरी एकटे असतात ना? गॅस गळला तरी त्यांना वास येणार नाही, मग आजच गॅस गळतीचा अलार्म आणा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीपासून फूटभरावर लावायचा. आमच्याकडे आलेला माणूस छताजवळ ठोकून निघाला होता.