पायथॉनमध्ये 'नमस्ते'ची लांबी 3 ऐवजी 6 का येते? माझा कोड चुकतोय का?

कोड बरोबर आहे, पायथॉन 3 मधलं लेन फंक्शन आपल्याला दिसणारी अक्षरं मोजतच नाही, ते युनिकोडचे कोड पॉइंट (युनिकोड ह्या अक्षरांच्या जागतिक यादीत प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) मोजतं आणि 'नमस्ते'मध्ये ते खरंच 6 आहेत: न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. खात्री करायची तर तोच शब्द लिस्ट फंक्शनला देऊन प्रिंट करा, सहाही तुकडे सुटे सुटे दिसतील. शब्द उलटा करायच्या प्रोग्रॅममध्ये कचरा येतो तोही ह्याच्यामुळेच, मात्रा आधी येते आणि तिचं व्यंजन मागे राहतं (इंग्लिश शब्दावर तोच कोड मस्त चालतो म्हणून नवीन माणूस हमखास गोंधळतो). आणि यूटीएफ-8 मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) एन्कोड करून मोजलंत तर 18 येईल कारण देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट 3 बाइट घेतो, तेव्हा तो आकडा बघून घाबरू नका.

दिसणारी अक्षरं मोजायची असतील तर मजकुरात पॅटर्न शोधणारं रेजेक्स नावाचं मॉड्यूल पिपने (पायथॉनची मॉड्यूल्स इन्स्टॉल करणारं टूल) इन्स्टॉल करा, पायथॉनसोबत येणारं आरई नावाचं मॉड्यूल नाही हं, त्याला हे जमत नाही, आणि पॅटर्न म्हणून बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून कॅपिटल एक्स द्या. फक्त जोडाक्षरांना जरा सांभाळून, 'स्ते' एकच अक्षर धरायचा नियम युनिकोडमध्ये 15.1 व्हर्जनला म्हणजे 2023 मध्ये आला, त्यामुळे जुन्या नियमावर चालणारी लायब्ररी असेल तर उत्तर 3 न येता 4 येईल.