चिमूरकडचं घर पर्यटकांना द्यायचं, तर आधी ते सांभाळणारं माणूस ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिमूर तालुक्यात वडिलांचं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं घर, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर (जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या) गेटपासून १२ किलोमीटर. तुम्ही नोकरीनिमित्त नागपूरला, महिन्यातून एखादी फेरी. बंद राहून घराला वाळवी लागतेय, म्हणून सफारीला येणाऱ्यांना भाड्याने द्यावं का, पैसा कुठे घालावा, आणि कवेलू काढून स्लॅब टाकावा का, असं विचारलंत. मी ताडोब्याच्याच मोहर्ली गेटच्या बाजूचं आमचं दुसरं घर सात वर्षांपासून असंच देतो. तुम्हीही द्या, नक्की द्या. पण तुमच्या यादीत एसी, रंग, झोपाळा, फोटो सगळं आलंय, आणि घर कोण बघणार याला फक्त अर्धी ओळ: "शेजारचे काका लक्ष ठेवतील." माझं पहिलं वर्ष याच अर्ध्या ओळीपायी वाया गेलं.

सफारीचा पाहुणा हा साध्या पाहुण्यासारखा नसतो. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचच्या सुमारास गेट उघडतं, म्हणजे १२ किलोमीटरवरून माणसं पावणेपाचला निघतात, म्हणजे चार वाजता कोणीतरी उठून चहा ठेवलेला असतो आणि नाश्त्याचे डबे भरलेले असतात. एकदा पुण्याचं कुटुंब गेटवर पोचलं आणि ओळखपत्रं आमच्या घरी उशीखाली राहिली. बुकिंग ज्या ओळखपत्रावर केलं, तेच गेटवर दाखवावं लागतं. आमचं घर सांभाळणाऱ्या भाऊंनी अंधारात मोटरसायकल काढली आणि पंधरा मिनिटांत कागद नेऊन दिले. ते कुटुंब त्यानंतर दोनदा येऊन गेलं. त्या सफारीत त्यांना वाघ दिसलाही नव्हता. शेजारचे काका हे करतील? का करावं त्यांनी?

म्हणून गावातलंच एक जोडपं बघा आणि पैशाचं पहिल्या दिवशी स्पष्ट बोला. आमच्याकडे भाऊ आणि वहिनींना महिन्याला ठरलेली रक्कम जाते, पाहुणे असोत-नसोत. शिवाय भरलेल्या प्रत्येक रात्रीमागे वेगळे पैसे. जेवणाचे पैसे पूर्ण वहिनींचे, मी त्यात हात घालत नाही. पहिल्या वर्षी मी फक्त रात्रीमागे पैसे देत होतो आणि मे महिन्यात घराला कुलूप लागलं. मला राग आला होता, पण चूक माझीच होती. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं पडतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला सगळं गाव जंगलात जातं. गावाच्या हाती रोख येण्याचे दिवस तेच, आणि तुमच्याकडे गर्दी व्हायचे दिवसही तेच, कारण पाणवठे आटले की वाघ दिसतो. त्या महिन्यांत त्यांचं जेवढं बुडेल तेवढं तुम्ही भरून द्यायला हवं. नाहीतर त्यांनी तुमच्या पाहुण्यांसाठी पानं का सोडावी? शेतीचंही विचारून ठेवा. धानाची रोवणी पावसाळ्यात येते, तेव्हा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, त्यामुळे ते जमून जातं. कापणी मात्र दिवाळीच्या गर्दीवर येऊ शकते.

आता दुसरी गोष्ट, जी मी माझ्या बहिणीला सांगितली असती. तुमचा संडास आंगणापलीकडे आहे असं लिहिलंय. पहिला रुपया तिथे घाला आणि संडास-न्हाणी घराला लागून, आतून दार देऊन बांधा. आपण लहानपणी कंदील घेऊन आंगण ओलांडत होतो हे खरं, पण चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्याचा त्रास आज किती आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. शहरातल्या माणसाला अंधाराची सवय नसते. तीन वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला भाऊंचा फोन आला: "भाऊ, पाव्हणे रोडवर निंगाले, मोबाइलची बत्ती घेऊन. मी आवाज देऊन रायलो, थांबतच नाही." दोन तरुण मुलं होती. वाघाचा आवाज आला म्हणून बघायला चालली होती. मी फोनवर त्यांच्याशी बोललो, बोलताना माझाच आवाज कापत होता. ती परत आली. तेव्हापासून बुकिंग घेतानाच मी स्वतः फोन करून सांगतो: दिवेलागणीनंतर फाटकाबाहेर पायी जायचं नाही, गाडीनेच जायचं. ज्याला हे मान्य नाही त्याला घर देत नाही.

याच कारणासाठी उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू देऊ नका. खरकट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. झाकणाचा खड्डा करा, कोंबडीची हाडं त्याच रात्री पुरा. कुंपणाला कोणी वीज सोडायचा सल्ला दिला तर त्याला दारात उभं करू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात जनावरंच नाही, माणसंही मरतात. आंगणात रात्रभर एक दिवा, संडासाच्या मागे गवत काढलेलं, आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर भिंतीवर. एवढं पुरे.

स्लॅबचं म्हणाल, तर कृपा करून टाकू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत उष्णता सोडत राहतो. कवेलू आणि मातीची भिंत हीच तुमच्या घराची श्रीमंती आहे. माकडं कवेलू फोडतात, दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागतात, तो खर्च धरून चाला. आतून लाकडी किंवा बांबूचं छत करून घ्या, म्हणजे माती आणि पाली अंथरुणावर पडत नाहीत. वाळवी लागलेली लाकडं मात्र आधी बदला.

एसीची घाई करू नका. उन्हाळ्यात गावात व्होल्टेज इतकं पडतं की एसी नुसता घुरघुरतो. कोरड्या हवेत कूलर छान काम करतो, फक्त तो नीट बसवला पाहिजे. कूलर खिडकीबाहेर सावलीत ठेवायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे ओली हवा बाहेर पडते. शहरातली माणसं एसीच्या सवयीने सगळं बंद करून बसतात आणि मग उकडतं म्हणतात. आमच्या खोलीत हे दाराच्या आतल्या बाजूला लिहूनच ठेवलंय. कूलरच्या ताट्यांतलं गवत दर मार्चमध्ये नवं भरा, त्यात थोडा वाळा घातला की खोलीभर वास सुटतो. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा, नाहीतर डास होतात. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा पंखा. बोअरचं पाणी जड असेल तर गीझर आणि नळ क्षाराने धरतात. पिण्याचं पाणी एकदा तपासून घ्या, आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे.

जेवणात हॉटेलची नक्कल नको. पनीर नागपूरलाही मिळतं. चुलीवरचं वांग्याचं भरीत, पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, लाखोळीची डाळ, आणि भात एचएमटीचा. हा तांदूळ तुमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून वाढवला. पान वाढताना वहिनी हे सांगतात, आणि पाहुणे जाताना पाच-पाच किलो तांदूळ विकत नेतात.

कागदपत्रांत सगळ्यात आधी घराचं बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून वडिलांचंच नाव असेल तर वारसनोंद करून घ्या आणि भावंडांची लेखी संमती घ्या. पैसे यायला लागले की आठवणी बदलतात, हे मी जवळच्या घरात पाहिलंय. मग पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी. तुम्ही स्वतः, म्हणजे बाईमाणूस, हे चालवणार असाल तर शासनाचं २०२३ चं 'आई' धोरण जरूर बघा, त्यात महिलेच्या पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. एअरबीएनबीसारख्या ठिकाणाहून बुकिंग आलं तर खोलीवरचा कर तेच भरतात. जेवण-साफसफाईसकट दिलेल्या खोलीचं उत्पन्न बहुतेक वेळा व्यवसायाचं धरलं जातं, नुसत्या घरभाड्याचं नाही, म्हणून सीएला सुरुवातीलाच विचारा. विदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, ते भाऊंच्या मुलाला शिकवून ठेवा. घरगुती वीजमीटर चालेल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

भाव ठरवताना एक लक्षात ठेवा: मंगळवारी कोअर बंद, त्यामुळे सोमवारची रात्र रिकामी जाते. ती भरायच्या मागे लागू नका, तो दिवस चादरी धुण्याचा आणि वहिनींच्या सुट्टीचा. शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींचंच बुकिंग घ्या. एका रात्रीसाठी आठ-दहा पोरांचा घोळका विचारत असेल आणि सफारीचं बुकिंग कोणत्या गेटचं हे सांगता येत नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांना फक्त बसायला जागा हवी असते, आणि दुसऱ्या दिवशी गावाचं ऐकून घ्यावं लागतं ते भाऊंना.

आता ऑक्टोबरची घाई करू नका. गावात जाऊन दोन-तीन घरी बसा, बायकांशी बोला, कोण तयार आहे ते कळेल. आणि घराचा नकाशा हाताने काढून पाठवा, विहीर कुठे आणि मागची भिंत किती फूट ते लिहून. संडास कोणत्या बाजूला काढला तर उतार मिळेल ते मी बघून सांगतो. आमच्याकडे काम केलेला गवंडी तुमच्या तालुक्यातल्या भिसी गावचाच आहे, त्याला तुमचं गाव लांब नाही.