तालीम एकत्र, पण कुणाच्या पद्धतीनं?

यावेळी आलेल्या पत्रांत बरीच पत्रं एकाच गोष्टीबद्दल होती, वेगवेगळ्या घडणीचे कलाकार एकत्र आणून प्रायोगिक नाटक बसवायचं तर तालीम करायची कशी. म्हणून हा अंक त्यालाच.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, संध्याकाळी एका प्रायोगिक ग्रुपमध्ये जातो. नव्या नाटकासाठी दिग्दर्शकानं झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भाकडच्या नाटकांतले, एक अनुभवी नट, भरतनाट्यम करणारी एक मुलगी, एक रॅपर आणि आमच्यासारखे शिबिरं केलेले लोक असे एकत्र आणलेत. रोज सगळ्यांना सारखेच व्यायाम, मग इम्प्रोव्हायझेशन (सुचेल तसं खेळणं), मग ब्लॉकिंग (कुणी कुठे थांबायचं, कुठे वळायचं ते आखणं). पण झाडीपट्टीतले काका दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. कुठे थांबायचं ते लक्षात राहत नाही, पुस्तकी भाषेतलं वाक्य आलं की अडखळतात. ग्रुपमधले काही जण म्हणतात, त्यांना हे नाही जमायचं. खरंच नाही का जमणार?

उत्तर : अहो, काकांनी वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांत कामं केली असतील तर रात्री उशिरा पडदा वर जाणार, पहाटे खाली येणार, समोर शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आलेली गावंच्या गावं, आणि त्यातलं कुणी उठून जाऊ नये एवढी ताकद अंगात, हे त्यांचं नेहमीचं काम. असा माणूस तुमच्या चार भिंतींच्या हॉलमध्ये अडखळायला लागला तर आधी तालमीकडे बघा, माणसाकडे नंतर.

नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांच्याबाबतीत अगदी हेच झालं होतं. मूळचे रायपूरचे, पण लंडनच्या 'राडा' (RADA) या नाट्यशाळेत आणि मग ब्रिस्टलला शिकून आले. १९५८ साली दिल्लीत मृच्छकटिक या संस्कृत नाटकावरून 'मिट्टी की गाडी' बसवताना त्यांनी छत्तीसगढहून नाचा करणारे सहा कलाकार आणले. नाचा म्हणजे तिकडचं लोकनाट्य, आपल्या विदर्भातल्या खडी गंमतीच्या शेजारचंच म्हणा. पुढच्या वर्षी त्यांची नाटकमंडळी नया थिएटर निघाली आणि हे गावाकडचे नट शहरी नटांबरोबर कामं करायला लागले. आता हबीबसाहेबांची पद्धत विलायतेत शिकलेली, या वाक्याला उजवीकडे जा, त्या वाक्याला इथे थांब, आणि बोलायचं हिंदीत. गावात रात्र रात्र गाजवणारे हे नट तिथे पार आखडून गेले. नाचात प्रेक्षक तीन बाजूंनी, कधी चारी बाजूंनी बसतो, जिकडून दाद येईल तिकडे नट वळतो, वाक्य आवडलं तर तेच परत म्हणतो. त्याला उजवी-डावी आखून दिली की त्याचं अर्धं लक्ष पायांकडे आणि उरलेलं अर्धं परक्या भाषेकडे, मग अभिनय करायला शिल्लक काय राहिलं? त्यात बरेच जण लिहिता-वाचता न येणारे, म्हणजे हातात स्क्रिप्ट देऊनही उपयोग शून्य.

हे उमगायला हबीबसाहेबांना दहा-बारा वर्षं लागली आणि ते त्यांनी नंतर मोकळेपणानं सांगितलंही. मग दोनच गोष्टी बदलल्या, नटांना छत्तीसगढीत बोलू दिलं आणि हालचाली आधी आखायचं बंद केलं. आधी प्रसंग नटांनी खेळायचा, त्यातलं जे टिकेल ते मागाहून पक्कं करायचं. १९७३ साली रायपूरला त्यांनी नाचाचं शिबिर घेतलं, त्यात नाचाच्या तीन जुन्या खेळांची गुंफण करून 'गांव के नाव ससुराल, मोर नाव दमाद' उभं राहिलं. मग १९७५ चं 'चरणदास चोर', जे १९८२ मध्ये एडिंबराच्या नाट्यमहोत्सवात फ्रिंज फर्स्ट हा पुरस्कार घेऊन आलं. फिदाबाई, लालूराम, ठाकूरराम ही सगळी नाचातून आलेली माणसं.

पण याचा अर्थ "काका, तुम्हाला वाटेल ते करा" असा घेऊ नका हं. हबीबसाहेब कात्री चालवायचे. नाचातला पसरटपणा काढायचे, गाणी कुठे यायची ते ठरवायचे, अख्ख्या नाटकाची बांधणी त्यांच्याच हातात होती. बरोबरी वगैरे म्हणायला छान वाटतं, पण शेवटचा शब्द दिग्दर्शकाचाच होता, आणि मला स्वतःला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त हे सगळ्यांना पहिल्या दिवशी माहीत असावं.

तर तुमच्या दिग्दर्शकांना सुचवा की आठवड्यातले दोन दिवस तालीम काकांनी घ्यावी. खडी गंमतीतला किंवा दंडार या तिकडच्याच लोकनाट्यातला एखादा तुकडा त्यांनी शिकवायचा आणि तुम्ही सगळ्यांनी तो कागदाशिवाय, नुसता ऐकून उचलायचा. त्या दिवशी कोण अडखळतं ते बघाच, मला वाटतं तुम्ही आणि तो रॅपर, दोघांत रॅपर आधी सावरेल कारण त्याचं कामही कानावरच चालतं. काकांची वाक्यं झाडीबोलीत करून घ्या. आणि जमिनीवर टेप चिकटवून "इथे थांबा" म्हणण्यापेक्षा "ती वळली की तिच्यासमोर या" असं सांगा, नट नटाला बघून थांबतो.

बोली पुण्यात कळेल का ही शंका असेलच, ती सोडा. २०१२ मध्ये आलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवा, जालन्याकडची पोरं, बरीचशी शेती करणारी, लेखक राजकुमार तांगडेसुद्धा शेतकरीच, आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचं. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं ते.

प्रश्न : मी ढोलकी वाजवतो, घराण्यातच आहे. एका मोठ्या शहरातल्या ग्रुपनं महिनाभराच्या निवासी वर्कशॉपला बोलावलंय. राहणं-जेवण त्यांचं, मानधन नाही, म्हणतात शिकायला मिळेल. जाऊ का?

उत्तर : शिकायला मिळेल, पण शिकवणार कोण आहे तेही विचारा ना! तुम्ही रोज दोन तास त्यांच्या नटांना ताल देणार, चाली बांधून देणार, तर तुम्ही तिथे शिक्षक आहात आणि शिक्षकाला मानधन असतं. जायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या, वर्कशॉपचे पैसे, तिथे तुम्ही बसवलेलं पुढे प्रयोगात वापरलं तर तुमचं नाव, आणि त्या प्रयोगांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे. ऐन हंगामातला महिना मागत असतील तर बुडालेल्या सुपाऱ्यांचाही हिशोब सांगा, त्यात लाजायचं काय. ही कुरकुर लहान ग्रुपपुरती नाही. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या १९८५ च्या नऊ तासांच्या महाभारतावरही इकडून टीका झालीच होती, नाट्यसमीक्षक रुस्तम भरूचांनी तर सडकून लिहिलं, की परंपरा आमची घेतली आणि संदर्भ मात्र तिथेच टाकून गेले.

प्रश्न : आमच्या शिबिरात मणिपूरची दोघं, एक फ्रेंच मुलगी आणि आम्ही ठाण्याचे. समान भाषाच नाही. निम्मा वेळ भाषांतरात जातो.

उत्तर : मग भाषांतर थांबवा. ज्या ब्रूकला वर बोल लावला त्याच्याकडूनच हे घ्या. १९७० मध्ये पॅरिसला त्यानं वेगवेगळ्या देशांतल्या नटांचं केंद्र काढलं, जपानचा योशी ओईदा त्यातलाच, आणि १९७२ च्या शेवटी सगळे आफ्रिकेत निघाले. गावात जायचं, गालिचा अंथरायचा, त्यावर खेळ. एकदा मधोमध बुटांचा एक जोड ठेवला आणि त्यावरच प्रसंग झाला, पलीकडे बसलेल्या गावकऱ्यांची भाषा यांच्यापैकी कुणाला येत नव्हती. सगळेच खेळ रंगायचे असं नाही, काही सपशेल पडायचे. तुम्ही सकाळचं सत्र बिनशब्दांचं ठेवा, एक वस्तू मध्ये आणि सगळे भोवती. दुपारी शब्द आले की प्रत्येकानं आपापल्या भाषेत बोलायचं, समोरच्यानं अंदाजानं उत्तर द्यायचं. चर्चा, हिशोब, भांडणं यांना मात्र दुभाषा लागेलच.

प्रश्न : वय ४७, बँकेत नोकरी, कधी स्टेजवर गेले नाही. अशा मिश्र ग्रुपमध्ये मला घेतील का?

उत्तर : १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' बसवणारे जब्बार पटेल डॉक्टर, त्यातले नाना फडणवीस म्हणजे मोहन आगाशे, तेही डॉक्टरच. वयानं तुमच्यापेक्षा लहान होते हे खरं, पण तुमच्या वयाच्या बायकांची भूमिका करायला पंचविशीतल्या मुलींना पावडर लावून केस पांढरे करणारे ग्रुप मी खूप पाहिलेत, त्यांना तुमची गरज आहे. जा आणि विचारा. मार्चएंडला सुट्टी मिळणार नाही हे मात्र आधीच सांगून ठेवा.