परदेशी सरकारांची मदत खरंच सर्वांत गरिबांपर्यंत पोहोचते का, की मधलेच खातात?

पोहोचते, पण कमी. आणि सगळा दोष मधल्यांवर टाकून चालणार नाही, कारण बराच पैसा देणाऱ्या देशाबाहेर पडतच नाही. आपल्याकडे आलेल्या निर्वासितांवरचा पहिल्या वर्षीचा खर्च श्रीमंत देशांना नियमानेच विकासमदतीत धरता येतो. 2022 साली ब्रिटनच्या एकूण मदतीतला चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा असा घरातच खर्च झाला. मला हे फार अन्यायाचं वाटतं. निर्वासितांना आधार द्यायलाच हवा, पण दुसऱ्या गरिबांच्या ताटातला घास काढून नव्हे.

लशी, मच्छरदाण्या, क्षयाची औषधं यांचं त्या मानाने बरं असतं. वस्तू थेट माणसाच्या हातात पडते. रस्ते-रेल्वेसारख्या मोठ्या प्रकल्पांत मात्र मी एकच गोष्ट आधी बघते: ज्याचं घर जाणार, त्याला तक्रार कुठे करता येते?

मी मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींमध्ये काम करते. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने 2002 मध्ये 54 कोटी डॉलरच्या आसपास कर्ज मंजूर केलं. त्यातला काही भाग श्रीमंत सरकारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या, बँकेच्याच गरीब देशांसाठीच्या आयडीए निधीतून होता. रेल्वेरुळांलगतची आणि जोडरस्त्यांच्या आड येणारी लाखभर माणसं हलवायची होती. घर मिळणार 225 चौरस फुटांचं, पण धंद्याचं काय? 2004 मध्ये रहिवासी आणि दुकानदारांनी बँकेच्याच तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. पॅनेलने चौकशी करून दोष दाखवले. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले, ते काही महिन्यांनी राज्य सरकारने सुधारणा मान्य केल्यावर सुटले. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पाणी, लिफ्ट, रोजगार यांची गाऱ्हाणी आजही ऐकते. पण झोपडीतल्या माणसाच्या अर्जावर वॉशिंग्टनचा पैसा थांबला, ही साधी गोष्ट नाही.

सरकारने सरकारला थेट दिलेल्या मदतीत गरिबाला असा दरवाजा सहसा नसतो. पॅनेलकडे मात्र प्रकल्पाची झळ बसलेली दोन माणसंही तक्रार करू शकतात. मुंबईच्या प्रकरणाचा अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर खुला आहे. जड आहे, तरी जरूर वाचा.