कॅप टेबल आत्ताच नीट लाव

भावा, शिरोलीत कंपनी काढतोयस, मालक दोघंच. तरी कॅप टेबल, म्हणजे कुणाकडे किती शेअर याचा तक्ता, आत्ताच सॉफ्टवेअरमध्ये घाल. एक्सेलच्या दोन फाइली होतात, एक तुझ्याकडे, एक सीएकडे, आणि खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.

समज, एकूण 10,000 शेअर, तुझे 6,000. गुंतवणूकदाराला नवे शेअर देऊन 20 टक्के हिस्सा द्यायचा, तर 2,500 काढावे लागतात. 2,000 काढलेस तर त्याला 16.67 टक्केच मिळतात. 2,500 काढल्यावर तुझे 60 चे 48 टक्के होतात. ईसॉपचा पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर, गुंतवणुकीच्या आधी धरला की नंतर, यावर हा आकडा पुन्हा हलतो. दोन्ही चालवून बघ, मगच सही कर.

सॉफ्टवेअरवर विसंबून मात्र राहू नकोस. कायद्याला एमजीटी-1, म्हणजे भागधारकांचं रजिस्टर, लागतं, ताळा त्याच्याशी जमव. प्रायव्हेट प्लेसमेंट केलंस, म्हणजे निवडक लोकांनाच शेअर दिलेस, तर पीएएस-3 हा शेअर वाटपाचा फॉर्म वाटपापासून 15 दिवसांत भर.